वाफ बघायला कोण कोण येणार?

माझ्या मुलीनं मला एक साधा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी घरात, दार लावून दिलं असतं, तर आज गल्लीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये माझा तो फोटो नसता. पण मी पडलो बोलका माणूस. मी उत्तर दिलं ते अंगणात, मोटारसायकल धुता धुता, आणि तेही नेमकं शेजारच्या बू एंतिन, म्हणजे एंतिनबाई, बाजारातून परतायच्या वेळेला.

आमच्या चिपानास गावात नळाला गरम पाणी येतं. कुणी तापवत नाही, डोंगरातून आपलं आपण येतं. उलट गार पाणी हवं असेल तर आम्ही बादली भरून रात्रभर ठेवतो. माझा जन्म या पाण्यात गेला. आजवर मला कधी वाटलं नाही की याच्यात विचारण्यासारखं काही आहे. पण रेंगानिस चौथीत गेली आणि तिला प्रश्न पडायला लागले. एक दिवस ती न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आली आणि म्हणाली, "बापा, हे पाणी तापवतं कोण?"

"डोंगर," मी म्हणालो.

"कशावर?"

स्वयंपाकघरातून इमास, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "सांगा आता. पोस्टात बसून साऱ्या गावाला पत्ते सांगता, आता या पाण्याचा पत्ता सांगा."

मी पोस्टात दोन नंबरच्या खिडकीवर बसतो. ते टोचून बोलायचं कारण नव्हतं. मी शांतपणे मुलीला अंगणात घेऊन आलो, मोटारसायकल धुवायला घेतली आणि म्हणालो, "हे बघ, वर डोंगरावर जमिनीतून वाफ निघते. त्या वाफेवर वीज करतात. रविवारी तुला दाखवतो. म्हणजे सगळं कळेल."

"कोण कोण जायचं?"

"आपण दोघंच. मोटारसायकलवरून."

"दोघंच?" तिनं करंगळी पुढं केली. मी माझी करंगळी तिच्या करंगळीत अडकवली. वचन दिलं. आणि वर पाहिलं तर कुंपणापाशी हातात पालेभाजीची जुडी घेऊन बू एंतिन उभ्या.

"अगंबाई, वाफ बघायला?" त्या म्हणाल्या. "इथं जन्म गेला माझा, केस पांढरे झाले, पण मेली ती वाफ काही बघायला मिळाली नाही. मलाही ने की रे, दिदिन."

"या की, या की!" मी म्हणालो.

आता मी असं का म्हणालो, हे आमच्या गावाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत. जेवताना दारावरून कुणी गेलं तर 'या जेवायला' म्हणायचं आणि जाणाऱ्यानं 'आत्ताच झालं' म्हणून पुढं जायचं. ज्याच्या पोटात सकाळपासून दाणा नाही तोसुद्धा 'आत्ताच झालं' म्हणतो. ही आमची रीत, आणि हिच्यावर आमचं जग चाललंय. बू एंतिननी 'मलाही ने' म्हणायचं, मी 'या की' म्हणायचं आणि मग त्यांनी 'छे रे, माझं कुठलं जमतंय' म्हणून घरी जायचं. हा शेवटचा भाग त्यांनी गाळला.

"बरं तर," त्या म्हणाल्या. "जेवणाचं काय करायचं?"

मोटारसायकलवर तिघं बसू शकतात. पण बू एंतिनना दोन नातवंडं आहेत आणि वर जेवणाचं पातेलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या गल्लीचे प्रमुख पाक तातांग, म्हणजे तातांगराव, यांच्या कानावर गेली. पाक तातांग माणूस वाईट नाही. फक्त त्यांनी गल्लीच्या नावानं एक लाऊडस्पीकर घेऊन ठेवलाय आणि तो वाजवायला निमित्त मिळालं नाही की त्यांना झोप लागत नाही. ते दारात येऊन उभे राहिले. चेहरा गंभीर.

"पाक दिदिन," ते म्हणाले, "तुमच्या एकट्याच्या मुलीला ज्ञान? आणि गल्लीतली बाकीची लेकरं काय अंधारात वाढवायची?"

असं विचारल्यावर माणूस काय बोलणार? मी म्हणालो, "छे छे, तसं नाही."

"मग बैठक घेऊ."

आणि घेतली. माझ्याच घरात. चहा इमासनं केला, उकडलेल्या शेंगाही तिनंच दिल्या आणि प्रत्येक कप ठेवताना माझ्याकडे असं बघितलं की चहा मलाच पोळला. बैठकीत सर्वप्रथम एक समिती झाली. मी अध्यक्ष. मी नको म्हणालो, पण आमच्याकडे नको म्हणणं म्हणजे विनय समजतात, त्यामुळे टाळ्या पडल्या. बू एंतिन भोजनप्रमुख. पाक तातांग ध्वनिप्रमुख. मग कापडी फलकावर काय लिहायचं यावर चर्चा झाली. 'मुलांना वाफ दाखवणे' हे कुणालाच पसंत पडलं नाही, कारण ते सगळ्यांना समजत होतं. शेवटी 'बालकांना भूऔष्णिक ऊर्जेचा परिचय' असं ठरलं. ते एका दमात कुणालाच म्हणता येईना, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली की कार्यक्रम मोठा आहे.

त्यानंतर समितीला एकसारखे बाटिकचे सदरे हवेत का, आणि हवेत तर मातकट की निळे, यावर जी चर्चा झाली तीत निम्मी संध्याकाळ गेली. वाफेचा विषय कुणी काढला नाही. रेंगानिस कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. मंडळी उठल्यावर तिनं हळूच विचारलं, "बापा, बसनं जायचं का आता?"

"हो बाळा. पण तू आणि मी शेजारी शेजारी बसू."

"मला खिडकी."

"तुला खिडकी," मी म्हणालो. करंगळी पुन्हा एकदा अडकवली.

दुसऱ्या दिवशी मी वीजकेंद्रात फोन केला. फाटकावरच्या माणसानं उचलला. मी म्हणालो की मुलीला वाफ दाखवायची आहे.

"मग या की," तो म्हणाला. "त्यात फोन काय करायचा? कठड्यापाशी उभं राहून रोज कुणीही बघतं."

"नाही, म्हणजे, आमची गल्ली येणार आहे."

"गल्ली?" त्यानं परत विचारलं. "गल्लीला पत्र लागेल. शाळेचं."

"आम्ही शाळा नाही."

"मग कोण आहात?"

हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी इतक्या सरळपणे विचारला होता. मी म्हणालो, आम्ही समिती आहोत. तर समितीच्या पत्रावर गल्लीप्रमुखाचा शिक्का हवा, त्याच्यावर वॉर्डप्रमुखाचा, आणि त्याच्यावर गावकचेरीचा. गल्लीप्रमुखाचा शिक्का पाक तातांगच्या घरी होता, पण शाईचा पॅड त्यांच्या नातवानं कोंबडी रंगवायला नेला होता. वॉर्डप्रमुख मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते. गावकचेरीतल्या बाईंनी पत्र वाचलं, 'भूऔष्णिक'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे धार्मिक आहे की राजकीय?" मी म्हणालो, हे गरम आहे. त्यांनी शिक्का मारला.

आता ते पत्र पोचवायचं. सगळे म्हणाले, वर नेऊन हातात द्या, तासाभराचा रस्ता. पण मी पोस्टातला माणूस. माझं पत्र मी हातात नेऊन देऊ? उद्या लोक काय म्हणतील? मी ते रजिस्टर्ड केलं, माझ्याच खिडकीवर, माझ्याच हातानं, तिकीट सुद्धा सरळ लावलं. ते पोचलं नाही. मी रोज फोन करायचो आणि फाटकावरचा माणूस रोज म्हणायचा, "नाही आलं हो." आठवड्यानं आमच्या ऑफिसातला चहाचा ट्रे उचलला तेव्हा ते खाली सापडलं, वर कपाचा गोल डाग घेऊन. त्या दिवसापासून गल्लीत कुणाला काही पाठवायचं असलं की ते मला विचारतात, "पाक दिदिन, हे पोस्टानं टाकू की पोचायला पाहिजे?" मी ऐकून घेतो. माझा स्वभावच तसा आहे.

पत्र शेवटी मीच वर नेऊन दिलं, पण कठड्यापाशी जाऊन वाफ बघितली नाही. मुलीबरोबर पहिल्यांदा बघायची, असं मनात होतं.

तोवर माणसं वाढत होती. जो भेटेल तो म्हणायचा, "काय पाक दिदिन, आम्हाला विसरलात?" आणि मी म्हणायचो, "विसरेन कसा? या की, या की." सल्ले तर असे की भीक नको पण कुत्रा आवर. एक म्हणाला, वर थंडी असते, अंगात वारा शिरेल, सगळ्यांनी स्वेटर घाला. दुसरा म्हणाला, वर वाफ असते, घाम येईल, स्वेटर घालू नका. बू एंतिन म्हणाल्या, दोन्ही करा आणि पोटाला तेल चोळा. हाजी सोबांदी हे आमच्या गल्लीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ. ते काठी टेकत मुद्दाम आले आणि म्हणाले, "बाळ दिदिन, जमिनीखाली आग असते असं मी मुलांना मशिदीत आयुष्यभर सांगत आलो. मरायच्या आधी एकदा खात्री करून घ्यावी म्हणतो." आता त्यांना काय नाही म्हणणार?

आधीचे रविवार पत्रापायी गेले, शेवटी जायचा रविवार उजाडला. बस आली. मोठी सांगितली होती आणि आली ती लहान. मुलं केव्हाचीच रांगेत उभी होती, शाळेचे गणवेश घालून, केसांना पाणी लावून. रेंगानिस सर्वांत पुढं. रात्री तिनं बूट उशाशी घेऊन झोपायचा हट्ट धरला होता.

आधी लाऊडस्पीकर चढला. लाऊडस्पीकरला सीट लागते, कारण तो पडला तर गल्लीची अब्रू जाते. मग भाताची पातेली, तळलेले मासे, केळीची पानं, मिरचीच्या ठेच्याची बरणी. मग हाजी सोबांदी, त्यांना आधार द्यायला त्यांचे दोन जावई, जावयांना सोबत म्हणून मुली. मग समिती, मातकट सदऱ्यात. मग ज्यांना ज्यांना मी 'या की' म्हणालो होतो ते सगळे. बसमध्ये तेलाचा असा घमघमाट सुटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि खिडक्या तर वारा शिरेल म्हणून बंद. मुलं अजून खालीच.

"लेकरं मांडीवर बसतील!" पाक तातांग म्हणाले.

"नाही बसणार," ड्रायव्हर म्हणाला.

हा ड्रायव्हर मेदानचा होता. तिकडची माणसं तोंडावर बोलतात. "घाट आहे," तो म्हणाला. "माझ्या गाडीत जेवढ्या सीटा तेवढी माणसं. कुणीतरी उतरा, नाहीतर मी उतरतो."

कुणीतरी उतरलं पाहिजे हे सगळ्यांना पटलं होतं, फक्त ते कोण हा प्रश्न होता. हाजींना सांगणार कोण? त्यांच्या जावयांना सांगावं तर ते जावई. बू एंतिनकडे जेवण. पाहुण्याला एकदा बसवल्यावर ऊठ म्हणायचं, असं आमच्या गल्लीत अजून घडलेलं नाही. शेवटी पाक तातांगनी माईक हातात घेतला, तो सुरू नव्हता तरी घेतला, आणि म्हणाले, "मंडळी, परक्याला नाराज करता येत नाही. लेकरं काय, आपलीच आहेत. ती समजून घेतील. लेकरांना आपण पुढच्या खेपेला नेऊ."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि इथं तर फाशी देणारा अध्यक्ष मीच. रेंगानिस तेवढ्यात मागच्या दारानं चढून खिडकीशी जाऊन बसली होती, शेजारची जागा हातानं धरून. मी तिच्यापाशी गेलो.

"उतरायचं का?" तिनंच विचारलं.

मी मान हलवली. तिनं जागेवरचा हात काढला. मी तिला पायरीवरून उतरवून घेतलं, आणि तेही ज्या हाताची करंगळी दिली होती त्याच हातानं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सुद्धा उतरतो असं म्हणालो, खोटं नाही सांगत, म्हणालो. पण अध्यक्षाशिवाय समिती कशी जाणार, असं म्हणून दोघांनी मला आत ओढलं आणि बस निघाली. मागच्या काचेतून पाहिलं तर इमास दारात उभी होती आणि सगळी मुलं तिच्याभोवती.

वर फाटकाशी एक तरुण इंजिनीयर बाई उभ्या होत्या. लारास त्यांचं नाव. नोकरीत नवीन, उत्साह मोठा. त्यांनी कार्डबोर्डचा डोंगर केला होता, आत लाल दिवा लावला होता, झाडांना कापूस चिकटवला होता. टेबलावर मुलांच्या मापाची पिवळी हेल्मेटं ओळीनं मांडलेली. बसचं दार उघडलं. आधी हाजी सोबांदींची काठी आली, मग हाजी आले, मग जावई. लारासबाई हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहिल्या. बस रिकामी झाली. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"मुलं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष असतो तो अशाच वेळेसाठी असतो. "पुढच्या खेपेला," मी म्हणालो. फलक तोवर दोघा जावयांनी उघडून धरला होता: 'बालकांना भूऔष्णिक ऊर्जेचा परिचय'.

लारास मुलगी गुणाची. पण बिचारीनं मुलांसाठीचं भाषणच पाठ केलं होतं, दुसरं तिला येत नव्हतं. तिनं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "नमस्कार, माझ्या छोट्या दोस्तांनो!"

"नमस्कार, ताई!" सगळी गल्ली एका सुरात ओरडली.

"इथं आत जायचं तर डोक्यावर काय घालायचं?"

"हेल्मेट!"

आणि घातली. त्या मापाची हेल्मेटं मोठ्या डोक्यात जात नाहीत, वर ठेवावी लागतात, अंडं ठेवल्यासारखी. पाक तातांगचं वाऱ्यानं दोनदा उडालं. बू एंतिननी रुमालानं हनुवटीखाली बांधून टाकलं. तेवढ्यात पाक तातांग म्हणाले की कार्यक्रमाची सुरुवात माईकशिवाय होऊच शकत नाही, अध्यक्षांनी प्लग बघावा.

मी प्लग बघायला निघालो. इथं डोंगराच्या पोटातून निघालेल्या वाफेवर सारा जिल्हा उजळतो, आणि मला एक प्लग मिळेना. फाटकावरच्या माणसाकडे होता, पण तिथं त्याचा भाताचा कुकर लावलेला. मी म्हणालो, जरा काढा. तो म्हणाला, भात कच्चा राहील. मी पुढं गेलो. एका ऑफिसात प्लग होता, तर वायर आखूड. वायर जोडायला दुसरी वायर आणली, तर तिचं तोंड निराळं. मी हा असा हेल्मेट सांभाळत पळतोय आणि कानावर अर्धवट काहीतरी येतंय. "पावसाचं पाणी कुठं मुरतं?" "जमिनीत!" "शाब्बास! आणि खाली काय असतं?" "ताई, मी सांगू? मी सांगू?" तो आवाज बू एंतिनचा होता. एकदा वळून पाहिलं तर लारासबाईंनी किटलीच्या तोंडाशी कागदाची भिंगरी धरली होती. ती गरगर फिरली आणि सगळी गल्ली "आहाऽऽ" म्हणाली. मी वायर घेऊन पुन्हा पळालो.

शेवटी माईक चालू झाला तेव्हा माहिती संपली होती. भाषणं तेवढी राहिली होती, ती झाली. पाक तातांग बोलले, एक जावई बोलला, मी दमलो होतो म्हणून दोनच वाक्यं बोललो, त्याला विनय समजून टाळ्या पडल्या. मग सर्वांत हुशार बालकासाठी ठेवलेली रंगीत खडूंची पेटी लारासबाईंनी हाजी सोबांदींना दिली, कारण सगळ्यांत जास्त उत्तरं त्यांचीच बरोबर आली होती. हाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. "शाळेत मला कधी काही मिळालं नाही बघ," ते मला म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला खूप राग आला होता, पण हाजींवर तो ठेवता येईना. हीच माझी अडचण आहे. राग ठेवायला मला कधी जागाच सापडत नाही.

मग फोटो. फलक, पिवळी हेल्मेटं आणि मध्यभागी हातात वायर घेतलेला मी. वाफ आमच्या मागं होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाठ केली होती, कारण फोटो.

घरी आलो तेव्हा अंगणात शेवयांचे रिकामे बाऊल पडले होते. भात-मासे सगळे बसमधून वर गेल्यामुळे इमासनं गल्लीतल्या सगळ्या मुलांना पाकिटातल्या शेवया उकळून घातल्या होत्या.

"आलात?" ती म्हणाली. "झाला का परिचय?"

रेंगानिस पायरीवर बसली होती. मी डोक्यावर तसंच राहिलेलं हेल्मेट काढून तिला दिलं. तिनं ते घातलं. बरोबर बसलं.

"बापा, मग पाणी तापवतं कोण?"

मी तोंड उघडलं. आणि लक्षात आलं की मला अजूनही माहीत नाही. हाजी सोबांदींना माहीत होतं, त्यांच्या जावयांना माहीत होतं, बू एंतिन तर किटली घेऊन गल्लीभर सांगायला निघाल्या होत्या. सगळ्या गल्लीत ते ठाऊक नसलेली माणसं दोनच गटातली: घरी राहिलेली सारी, आणि मी.

"मी वायर शोधत होतो," मी म्हणालो.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "असू दे." बरोबर मोठ्या माणसांसारखं म्हणाली, 'आत्ताच झालं' म्हणतात तसं. ती हे कुठून शिकली असेल ते मला सांगायला नको. इतके दिवस मी कुणाचं मन मोडलं नव्हतं, आणि त्यासाठी रोज थोडंथोडं हिचं मोडत होतो. मला रात्रभर नीट झोप आली नाही.

पुढच्या रविवारी पहाटेच मी तिला हलवलं. "चल," मी म्हणालो. "बोलू नकोस." मोटारसायकल सुरू न करता आम्ही ती ढकलत गल्लीच्या तोंडाशी न्यायला लागलो, चोरासारखे, स्वतःच्याच गल्लीतून. हेल्मेट तिच्या डोक्यावर. पाक तातांगचं घर गेलं. हाजींचं घर गेलं. आता सुटलो असं म्हणेपर्यंत कोपऱ्यावर झाडू थांबला.

"कुठं रे निघाली स्वारी, दिदिन?" बू एंतिन.

"हे आपलं, जरा वरपर्यंत."

"वाफ बघायला? मलाही ने की."

माझं तोंड आपोआप उघडलं. 'या' माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, शपथेवर सांगतो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"नाही, बू," रेंगानिस म्हणाली. "आज आम्ही दोघंच."

आमच्या गल्लीत हा शब्द इतका स्पष्ट मी कधी ऐकला नव्हता. माझ्या कानशिलांना घाम फुटला. आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"मग ठीक आहे," बू एंतिन म्हणाल्या, आणि त्यांचा झाडू पुन्हा सुरू झाला. "जा बाई. मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. गाडीवर माझी कंबर धरते."

मी डोळे उघडले. "आणि त्या दिवशी, बू? त्या दिवशीसुद्धा म्हणायचं म्हणून?"

"मग काय तर! भाजी हातात, घरी चूल पेटलेली, मला कुठली वाफ सुचतेय? पण तू 'या की, या की' असं दोनदा म्हणालास. एकदा म्हटलं तर ते म्हणायचं म्हणून असतं. दोनदा म्हटल्यावर येणार नाही कसं म्हणायचं? तुला वाईट वाटलं असतं."

लाऊडस्पीकर, शिक्के, मातकट सदरे, मेदानचा ड्रायव्हर, रांगेतली ती सगळी पोरं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला काहीतरी फार मोठं बोलायचं होतं. पण बू एंतिन वयानं मोठ्या.

"बरं, येतो," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

वर कठड्यापाशी कुणी नव्हतं. समोर दरीतून पांढरी वाफ जोरात सुटत होती, तिचा आवाज पोटात जाणवत होता, आणि खाली जाडजूड पाइप वळणं घेत वीजकेंद्राकडे गेले होते. कठड्याशी चित्रांची पाटी होती. ती मागच्या रविवारीही तिथंच होती, फोटोसाठी तिच्यावर आमचा फलक टांगला होता. आम्ही दोघांनी ती वाचली: पाऊस जमिनीत मुरतो, खोल जातो, तिथले दगड तापलेले असतात, पाणी उकळतं, वाट मिळेल तिथून वर येतं. कुठं वाफ होऊन चाक फिरवतं, कुठं आमच्या नळाला येतं. रेंगानिसनं खाली बसून जमिनीला तळहात लावला. माझाही हात ओढून लावला. जमीन ऊबदार होती.

"म्हणजे दगड तापवतात," ती म्हणाली.

"दगड तापवतात," मी म्हणालो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

तिनं वाफेकडे पाहिलं. मग हेल्मेट मागं सारून म्हणाली, "आणि बापा, दगडांना कोण तापवतं?"

मी आधी मागं वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, फाटकही लांब होतं.

"माहीत नाही, बाळा," मी म्हणालो. "पण हळू बोल."